पलटणीतले गुरुजी : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या एकाही माजी विद्यार्थ्याला पहाटेची कवायत आठवत नसेल, असे होणार नाही. अंधार पुरता सरलेला नसतो, मैदानावर दव असते आणि मुले उंचीच्या क्रमाने ओळीत उभी राहतात. उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्याला टेकवून अंतर घेतले जाते; मग सावधान, मग विश्राम. ही कवायत कशासाठी, असे मुलांच्या प्रत्येक पिढीने विचारले आहे आणि आम्हां शिक्षकांनी प्रत्येक पिढीला आरोग्य व शिस्त ही दोन ठरावीक उत्तरे दिली आहेत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा लावून उभे राहण्याची ही रीत शाळांमध्ये आली ती पायदळाच्या पलटणींतून. त्या पलटणींशी आपल्या समाजाचे जे नाते होते, त्याचा जवळजवळ संपूर्ण इतिहास एका माणसाच्या आयुष्यात सापडतो. ते म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. बाबासाहेबांचे वडील एवढी ओळख आपल्याकडे पुरेशी मानली जाते. या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही त्यांच्या वडिलांकडे वळतो.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. परंतु या चरित्राचा एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यातून जातो. कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता आपल्या कित्येक पालकांच्या पायाखालचा आहे. त्याच मुरबाड तालुक्यातील आंबेटेंभे हे माता भीमाबाईंचे माहेर. मुरबाडकरांचे घराणे शिपाईगिरीचे. भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा चुलते असे सातही जण लष्करात सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. एका पलटणीत सुभेदार-मेजर एकच असतो. देशी शिपायाला चढता येण्यासारखी ती शेवटची पायरी. एकाच घरातून सात जणांनी ती गाठावी, हे ऐकून आम्हांला प्रथम थोडी शंका आली. परंपरेने काही सुभेदारांना औदार्याने एक पायरी वर चढवले असेल. तेवढी सूट दिली तरीही घराण्याची लष्करी ऐपत कमी होत नाही.

मुरबाडकरांसारखी घराणी आपल्या भागात का निपजली, याचे कारण भूगोलात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईचे लष्कर वाढले ते बेटाच्या आसपासच्या माणसांवर. बंगालच्या लष्कराला अवध-बिहारकडचे उच्चवर्णीय शेतकरी मिळत. मुंबईला मिळाला तो कोकण आणि देश. त्या लष्करी कागदांत महार शिपायांची नोंद पुष्कळदा ‘परवारी’ अशी होते. लढायाही घरापासून फार लांब नव्हत्या. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४च्या अखेरीस घेतला. १७८० मध्ये कल्याण घेतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भिवंडीजवळच्या दुगाडच्या टेकड्यांवर हार्टले नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या शिपायांनी मराठ्यांचा हल्ला परतवला. त्या लढाईत मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश पडले. आज आपली मुले शाळेला येताना ज्या गावांची नावे एस.टी.च्या पाट्यांवर वाचतात, तीच ही गावे.

रामजींचे वडील मालोजी याच लष्करात होते. त्यांच्या पिढीची बंदूक ठासणीची. इंग्रज शिपाई तिला ‘ब्राउन बेस’ म्हणत. नळीचे तोंड पाऊण इंच रुंद, नळी आतून गुळगुळीत. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फाडायचे, चिमूटभर दारू कानात घालायची, उरलेली नळीत ओतायची, त्यावर गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचे, गज जागेवर बसवायचा, चाप ओढायचा आणि चकमकीची ठिणगी पडण्याची वाट पाहायची. पावसात ठिणगी पडत नसे. हे सगळे करून कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. एवढे करूनही शंभर पावलांपलीकडच्या एकट्या माणसाला गोळी लागेल याची खात्री कोणी देत नसे.

पलटणीची सारी रचना या बंदुकीच्या उणिवेतून जन्मली होती. एकट्याचा नेम भरवशाचा नाही, तर शंभर जणांनी एकदम बार काढावा, म्हणजे समोर गोळ्यांची भिंतच उभी राहते. म्हणून दोन रांगा, एकीमागे एक, खांद्याला खांदा. चालताना पलटण अरुंद आणि लांब होई, लढताना रुंद आणि उथळ. आणि एकातून दुसऱ्यात जाताना कोणाचा पाय चुकला तर सगळी रांग विस्कटे. कवायत चालायची ती यासाठी. शत्रूचे घोडदळ चालून आले की रांगेचा चौकोन होई. चारही बाजूंनी चार चार माणसे खोल, पुढची रांग गुडघ्यावर, संगिनी बाहेर रोखलेल्या. घोडा संगिनींच्या कुंपणावर सहसा जात नाही. पण कुंपणात एक फट राहिली तर चौकोन संपला. चौकोनातल्या शिपायाचा जीव त्याच्या हातातल्या शस्त्रापेक्षा शेजाऱ्याच्या पायांवर अधिक अवलंबून असे.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ज्या गावात सावलीचा विटाळ मानला जाई, त्या गावातला तरुण भरती होऊन या चौकोनात उभा राहिला. अंतर राखून चौकोन होत नाही. मराठा, महार, मुसलमान आणि बेने इस्रायली यांचे कोपर एकमेकांना घासत, एकाच्या दारूची काजळी दुसऱ्याच्या गालावर बसे. जातीचे सोवळे मुंबईच्या लष्करात बंगालइतके पाळले जात नाही, हा त्या लष्कराचा एके काळचा अभिमान होता. इंग्रजांनी हे समतेच्या प्रेमाने केले, असे आम्ही म्हणणार नाही. बंदूक तशी होती, म्हणून रांग तशी होती. पण रांगेत उभे राहून आलेल्या माणसाला गावच्या वेशीबाहेर पुन्हा मान खाली घालून उभे करणे कठीण होते, हे मात्र खरे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कॅप्टन स्टाँटनच्या पलटणीने दिवसभर जी झुंज दिली तिची कथा येथे पुन्हा सांगत नाही. ती आपल्या मुलांना पाठ आहे. त्या स्तंभावरची नावे वाचताना एवढेच लक्षात घ्यावे, की आधी ती माणसे त्या रांगेत एकत्र उभी होती, म्हणून मागाहून दगडावर एकत्र आली.

रामजी भरती झाले तोवर काळ पालटला होता. १८५७ होऊन गेले होते, कंपनी जाऊन राणीचे राज्य आले होते आणि राज्यकर्त्यांच्या मनात देशी शिपायाविषयी एक कायमची धास्ती बसली होती. तिचा परिणाम प्रथम दिसला तो शस्त्रांत. तोफखाना, थोड्या डोंगरी तोफा वगळता, देशी माणसांच्या हातून काढून घेतला गेला. एन्फिल्ड ही नवी बंदूक रायफल होती. तिच्या नळीत आतून आटे असत, त्यामुळे गोळी फिरत जाई आणि कित्येक पट दूरवर नेमकी लागे. देशी पलटणींना जी एन्फिल्ड मिळाली तिच्या नळीतले आटे घासून काढलेले होते. बाहेरून तीच बंदूक, वजन तेच, संगीन तीच. आत मात्र ती पुन्हा आजोबांच्या काळातली गुळगुळीत नळी. दूरचा नेम धरण्याची पट्टीही तिच्यावर नव्हती.

रामजींच्या पाव शतकाहून अधिक चाललेल्या नोकरीचा सारा काळ हाच क्रम चालू राहिला. गोऱ्या शिपायाला मागून भरण्याची स्नायडर रायफल १८६६ नंतर मिळाली. देशी पायदळाला ती सत्तरच्या दशकात मिळू लागली, पण तोवर गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली होती. नव्वदच्या सुमारास मार्टिनी देशी पलटणींच्या खांद्यावर चढली. तेव्हा गोऱ्यांच्या हाती आठ काडतुसे एकदम पोटात घेणारी ली-मेटफर्ड होती. दोघे एकाच मैदानावर, एकाच निशाणाखाली. मधले अंतर नेहमी एका बंदुकीचे. कोणाच्या विसराळूपणाने ते राहिले नव्हते, ठरवून ठेवलेले होते. वाचकांतील ज्या पालकांनी आपल्या मुलांच्या शाळेत जुनी पुस्तके आणि मोडकी बाके येताना पाहिली आहेत, त्यांना हे धोरण फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

चरित्रकार रामजींचे नाव सॅपर्स अँड मायनर्सशी जोडतात. आपल्याकडच्या शिपायांच्या जिभेवर या नावाचे ‘सफरमैना’ झाले. हे लोक बंदुकीबरोबर कुदळ आणि फावडेही वाहत. पलटणीच्या पुढे जाऊन रस्ता करावा, पूल बांधावा, किल्ल्याखाली सुरुंग न्यावा आणि शत्रू आलाच तर कुदळ टाकून बंदूक उचलावी, असे त्यांचे काम. इतर पायदळ ज्या वाटेने चालून जाई आणि नाव मिळवी, ती वाट यांनी आदल्या रात्री केलेली असे.

परंतु रामजींचे नाव झाले ते कुदळीने किंवा बंदुकीने झाले नाही. ते शिक्षक झाले. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय होती. मुलांसाठी दिवसा शाळा आणि मोठ्यांसाठी रात्री. ही सोय पुढे बाबासाहेबांनीही मोठ्या कृतज्ञतेने नोंदवली आहे. तिचे एक व्यावहारिक कारण पुन्हा बंदुकीतच आहे, असे आम्हांला वाटते. ठासणीच्या बंदुकीला अक्षरओळख लागत नव्हती. हुकूम ऐकता आला म्हणजे झाले. रायफलवर नेमाची पट्टी आली आणि तिच्यावर आकडे आले. किती गजांवर शत्रू आहे याचा अंदाज करायचा, पट्टी त्या आकड्यावर सरकवायची, मग बार. गोळी दूर जाऊ लागली तशी खांद्याला खांदा लावलेली रांगही धोक्याची झाली, कारण ती शत्रूलाही दुरून सोपी सापडे. माणसे पांगवावी लागली. पांगलेल्या माणसांवर एका आवाजात हुकूम चालत नाही. नाईक-हवालदारांना चिठ्ठी वाचता आली पाहिजे, हजेरी आणि काडतुसांचा हिशेब लिहिता आला पाहिजे, असे दिवस आले. लष्कराला शिकलेला माणूस हवा होता. त्याच्या पोरांनी शिकून पुढे काय करावे, याचा विचार लष्कराने केला नव्हता. तो रामजींनी केला.

पुण्यातील लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून चौदा वर्षे काम केले. इंग्रजी त्यांनी मेहनतीने कमावले होते, गणितावर त्यांचा हात होता. ते कबीरपंथी होते. घरात मद्य-मांस वर्ज्य, संध्याकाळी मुलांना बसवून भजन आणि पाठांतर, आणि त्यात कोणालाही सवलत नाही. जोतीराव फुल्यांविषयी त्यांना फार आदर होता. शिक्षक आणि शिपाई हे दोन स्वभाव एका माणसात आले म्हणजे घरच्यांना सोसावे काय लागते, हे आम्हां शिक्षकांच्या मुलांना विचारावे.

मुरबाडकरांची लेक या घरात आली तेव्हा रामजींची परिस्थिती माहेरच्या तोलाची नव्हती. साध्या शिपायाला महिन्याला सात रुपये मिळत, त्या काळची ही गोष्ट. माहेरच्यांनी कमी लेखलेले भीमाबाईंना लागले. अंगभर दागिने घालून येता येईल त्या दिवशीच माहेरचा उंबरा ओलांडीन, असा त्यांनी निश्चय केल्याचे चरित्रकार लिहितात. रामजी चढत गेले, सुभेदार झाले. पलटण जाई तिकडे संसार जाई. मध्य हिंदुस्थानातील महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्माला आले. चौदांपैकी बलराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीम एवढीच जगली. छावणीत दवाखाना होता, शाळा होती, नियमित पगार होता; तरीही चौदांतली पाच. त्या काळच्या इतर घरांचे काय होत असेल, याची कल्पना या आकड्यावरून करावी.

भीमराव रांगत होते त्याच सुमारास त्यांच्या घराण्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. त्याची सुरुवात झाली होती दूर अफगाणिस्तानात. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे मुंबई लष्कराच्या एका ब्रिगेडचा मोठा पराभव झाला. सुमारे अडीच हजारांच्या फौजेतील साडेनऊशेहून अधिक माणसे पडली. उघड्या माळावर, जुलैच्या उन्हात, पाण्याशिवाय, ब्रिगेड पातळ रांगेत पसरली होती. समोर अयूबखानाकडे तिच्या दुपटीहून अधिक तोफा होत्या. गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी होती, देशी पलटणींकडे स्नायडर. दुपारी डाव्या अंगाच्या तुकड्या फुटल्या आणि त्या मागे लोटत ग्रेनेडियर्सवर व गोऱ्या पलटणीवर आदळल्या. मुंबई सॅपर्सची एक अर्धी कंपनी, तिचा अधिकारी लेफ्टनंट हेन याच्यासह, गावाच्या कडेला शेवटपर्यंत लढत राहिली आणि तेथेच संपली.

जागा चुकीची निवडली गेली होती, तोफा कमी होत्या, नवशिके शिपाई पुष्कळ होते. यांतले काहीच शिपायाच्या हातातले नव्हते. तरी बोट शिपायाकडे गेले. कंदाहारचा विजयी वीर म्हणून गाजलेला रॉबर्ट्स १८८५ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि १८९३ पर्यंत राहिला. काही जाती-जमाती जन्मजात लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, हे त्याचे ठाम मत. मुंबई आणि मद्रासकडचा शिपाई त्याच्या मते उतरत्या कळेचा. १८९२च्या सुमारास देशी पलटणींची जातवार पुनर्रचना झाली. आता कंपनी किंवा पलटण एकेका जातीची. जातवार रचना आली म्हणजे एका जातीशेजारी दुसरीला उभे करण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि ज्या जातीची पलटणच काढायची नाही ती आपोआप बाहेर राहते. महारांची भरती बंद झाली. शंभर-सव्वाशे वर्षांची वहिवाट एका हुकमाने मोडली. बंदुका दरसाल सुधारत होत्या आणि माणसाविषयीचे शास्त्र मनूच्या दिशेने चालले होते, असे आम्ही म्हटले तर ते कडू वाटेल. पण घडले तसेच.

या हुकमाचा अर्थ गावाकडच्या घरात काय होता? पेन्शनवाल्या सुभेदाराच्या नातवाला आता पलटण नाही, म्हणून पगार नाही. पलटण नाही, म्हणून शाळा नाही. गावच्या शाळेत त्याला बाहेर बसावे लागणार, आणि मोठा झाला की पुन्हा वेठ आणि वतन. छावणीतून पांढरीत परत.

रामजींनी या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यात पुढाकार घेतला आणि त्याचा मसुदा करण्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मिळवले. तिकडे दापोलीस राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीही १८९४ मध्ये असाच अर्ज तयार केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी तोच लढा चालवला. हे सगळे अर्ज ज्या समाजातून गेले तो निरक्षर ठेवलेला समाज होता, आणि ते लिहिण्या-लिहवण्याची हिंमत ज्यांना झाली ते बहुतेक पलटणीत शिकलेले किंवा पलटणीच्या आसऱ्याने वाढलेले लोक होते. लष्कराने दार लावले खरे, पण लावण्याआधी आतल्या माणसांना अक्षर शिकवून ठेवले होते. सरकारने अर्जांना दाद दिली नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, तीही रामजींच्या मुलाने त्यासाठी आवाज उठवल्यानंतर. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. रामजींना हे काही पाहायला मिळाले नाही.

१८९४च्या सुमारास ते पन्नास रुपये पेन्शनीवर निवृत्त झाले. काही काळ कुटुंब दापोलीच्या कॅम्पात होते. लष्करी पेन्शनरांची तेथे वस्तीच होती. पुढे नोकरीच्या शोधात ते साताऱ्याला आले. १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. भीम पाच वर्षांचा होता. घर सांभाळायला रामजींची बहीण मीराबाई पुढे आल्या. शरीराने त्या अधू, पण मुलांना त्यांनी आईची उणीव भासू दिली नाही. मुरबाडच्या माहेराशी असलेला धागा हळूहळू विरत गेला. आपल्या भागात भीमाबाईंची आठवण पुन्हा जागी व्हायला बरीच वर्षे जावी लागली.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. सुट्टीत मुलांनी भेटीला यावे असे त्यांनी कळवले. मुले नवे कपडे, टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. ती येत असल्याचे पत्र वडिलांना पोचलेच नव्हते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. स्टेशनमास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना, तो खाली चालला आणि मुलांनी स्वतः बैल हाकले. रात्रभर पाणी मिळाले नाही. आम्ही ही घटना अनेकदा मुलांना सांगतो, ती मुलांच्या बाजूने. या वेळी वडिलांच्या बाजूने पाहावीशी वाटते. सुभेदाराच्या हुद्द्याचा माणूस, ज्याच्या शाळेत सर्व जातींचे शिपाई शिकले, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी आपली पोरे तहानेने व्याकूळ होऊन येतात. त्याने आयुष्यभर ज्या रांगेवर भरवसा ठेवला ती रांग छावणीच्या फाटकापर्यंतच होती, हे त्याला त्या दिवशी नव्याने कळले नसेल. पण आपल्या मुलांना कळले, हे त्याने पाहिले.

त्यानंतरच्या रामजींत एक घाई दिसते. १९०४ मध्ये बिऱ्हाड मुंबईला, परळच्या डबक चाळीत आले. एक खोली, तीतच चूल, भांडी, सरपण, कोपऱ्यात बकरी आणि जाते. मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. त्याला लवकर निजवायचे, आपण जागे राहायचे, पहाटे दोनला त्याला उठवायचे आणि मग त्याच जागेवर आपण पाठ टेकायची, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. पलटणीतला पहारा बदलतो तसा. तर्खडकरांच्या भाषांतरमाला आणि हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. प्रत्येक शब्दाला नेमका मराठी शब्द सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. मुलाला पुस्तक हवे झाले आणि हातात पैसे नसले, तर ते लेकींच्या घरी जात. पैसे नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. ज्या भीमाबाईंनी दागिन्यांसाठी माहेर दूर केले होते, त्यांच्या लेकींचे दागिने त्यांच्या धाकट्याच्या पुस्तकांसाठी सावकाराकडे ये-जा करत होते.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३च्या आरंभी पदवी हाती आली. महाराजांच्या उपकाराची फेड म्हणून ते बडोद्याला नोकरीसाठी निघाले, तेव्हा रामजींनी विरोध केला. तेथे मुलाच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज त्यांना होता. मुलगा गेला. बडोदा संस्थानाच्या लष्करात त्याला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ब्रिटिश लष्करात आयुष्य घालवलेला देशी माणूस सुभेदार-मेजरपर्यंत चढे आणि त्याच्यावर कालपरवा आलेला कोवळा गोरा लेफ्टनंट असे. मालोजी तेथे थांबले, मुरबाडकर तेथे थांबले, रामजी तेथे थांबले होते.

तो हुद्दा फार दिवस टिकला नाही. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्याला गेली. भीमराव निघाले. सुरतेला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते खाली उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते परळला पोचले तेव्हा रामजींची वाचा गेली होती. त्यांनी डोळ्यांनी मुलाला शोधले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.